सरोता धुतला त्या वर्षी

कैरीची कोय फुटताना 'कट्' असा जो एक आवाज होतो, तो माझा. त्याखेरीज मला दुसरा आवाज नाही. त्या आवाजात जे सांगता आलं नाही, ते आज तुम्हांला सांगतो.

मी सरोता. तुमच्याकडे मला अडकित्ता म्हणत असतील. खिशात मावणारा, सुपारी कातरणारा नव्हे. मी कैऱ्या फोडणारा, दीड हात लांब. खाली लाकडाचा ठोकळा, त्यात मधोमध एक चीर, आणि एका टोकाला खिळ्यानं जखडलेलं पोलादाचं पातं. पातं उचलायचं, कैरी ठेवायची, मूठ दाबायची. पातं कोयीतून आरपार जाऊन चिरेत उतरतं आणि कैरीचे दोन भाग दोन बाजूंना पडतात. एवढंच माझं काम.

माझं पातं आधी रस्त्यावर धावत होतं. हैदराबादेला निघालेल्या एका ट्रकची चाकांवरची पोलादी कमान पांढरकवड्याजवळ मोडली. ड्रायव्हरनं नवी बसवून घेतली आणि मोडकी पट्टी कडेला टाकून तो निघून गेला. ती पट्टी डोंगरसिंगनं उचलली, सायकलच्या दांडीला बांधली आणि बाजारात मारोती लोहाराकडे नेली.

"काय करू याचं? विळा?" मारोतीनं विचारलं.

"नाही. बायकोले कैऱ्या फोडाले सरोता पायजे. कुऱ्हाडीनं फोडते ते. एखांद्या दिवशी बोट जाईन तिचं."

"लगन होऊन किती दिस झाले?"

"दोन महिने."

"मंग ठीक हाय. दोन वर्स झाले असते तर म्हनला असता, कुऱ्हाडच राहू दे."

मारोती हसत हसत भाता ओढू लागला. माझा जन्म असा थट्टेत झाला. ठोकळा चिंचेच्या जुन्या फांदीचा बसवला. चाळीस वर्षं झाली त्याला.

डोंगरसिंगचा तांडा केळापूर तालुक्यात, रस्त्यापासून दोन कोस आत. चाळीसेक घरं. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख पालथे घालत. आता बैल शेतात चालतात. कापूस आणि तूर पिकते. घरात त्यांची स्वतःची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. मी त्यांचं बोलणं तुम्हांला समजेल अशा वऱ्हाडीतच सांगतो. एक शब्द मात्र त्यांचाच राहू द्या: याडी, म्हणजे आई.

डोंगरसिंगची बायको सुखीबाई. ज्यांच्या पणज्यांनी जन्मभर मीठ वाहिलं, त्यांच्या लेकीच्या हाताला मिठाचा अंदाज असावा, यात नवल नाही. ती वजन करत नाही. मुठीनं मीठ टाकते, चिमटीनं मेथी, आणि बरणीच्या तोंडाशी नाक नेऊन 'झालं' म्हणते. तिचं लोणचं दोन वर्षं टिकतं. हंगामात बाहेरगावी वीटभट्टीवर जाणारी तांड्यातली माणसं भाकरीबरोबर तेच नेतात. सहा महिने त्यांना दुसरी भाजी कमीच मिळते.

माझी निगा राखायची तिची एक रीत आहे. मला पाणी लावायचं नाही. काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि चुलीजवळच्या खुंटीला टांगायचं, धूर लागेल असं. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "नाही लावत पानी." पुढचं कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पूर्वी वैशाखात मला फुरसत नसे. गावातल्या रामरावांच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गावरानी आंब्यांना कोय धरली, की त्यांची बायको इंदूबाई गावातून टोपली घेऊन येई. तिच्या कैऱ्या, मग तांड्याच्या कैऱ्या. मी वीस-पंचवीस घरं फिरत असे. माणसाच्या मुठीवरून त्याचा स्वभाव कळतो. कुणी अर्धं दाबून थबकतं आणि कोय चेंगरते. कुणी रागाच्या भरात असं दाबतं, की फोड उडून कोंबडीपुढे पडते. नवऱ्याशी भांडून आलेली बाई कैऱ्या फार लवकर संपवते.

मग रस्त्याच्या वळणावरच्या दुकानात लोणच्याच्या पुड्या आल्या. एक फाडली की एक जेवण. वीस घरांची दहा झाली, दहाची दोन. सुखीबाई आणि इंदूबाई, बस. मी खुंटीवर लटकून राहू लागलो. पात्याला गंज चढला. मला वाटलं, सुखीबाईचं मनगट थकलं की माझंही संपलं.

तेवढ्यात राखी आली. सुखीबाईचा मुलगा बादल, त्याची ही बायको. माहेर माहूरकडच्या तांड्यातलं, शिक्षण दहावीपर्यंत. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं, चिरेतून नख फिरवलं आणि म्हणाली, "याडी, याले धूर कमी पडून राह्यला. थोडा इकडे टांगू का?"

 त्या दिवसापासून सुखीबाई सुनेचे हात बघू लागली. राखी आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटात पसरून थरावर थर वाळवायची. पोळी अशी निघे, की तिच्यातून खिडकी दिसावी. बोरांचं बोरकूट करायची, आवळ्याची सुपारी करायची. पावसाळ्यात कुणाकडे काही नसलं, की तिच्या डब्यात काहीतरी असायचंच. पुढच्या वर्षी वैशाखाच्या आधी सुखीबाईचं उजवं मनगट सुजलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा सरोता राखीच्या हाती. बरनीबी तिच भरन."

तांड्यात याला काय मोल आहे, ते बाहेरच्याला कळणार नाही. जिच्या हातची बरणी टिकते, तिला लग्नाघरी पहिलं बोलावणं येतं. पापड, शेवया, हळद, सगळीकडे तिचा हात आधी लागतो. राखीनं मान खाली घातली, पण मी बघत होतो, तिचे कान लाल झाले होते.

आणि त्याच चैत्रात जया परत आली. सुखीबाईची धाकटी लेक. दहाव्या वर्षी वसतिगृहात गेलेली, मग पुण्याला, मग दक्षिणेकडे कुठल्याशा विद्यापीठात. अन्न टिकवण्याचंच शिक्षण घेतलं तिनं. नोकरी लागत होती, ती सोडून आली. हातपंपावर बायकांना गाठून म्हणायची, "आपल्या झाडाचा आंबा मातीत सडतो, आणि आपण कारखान्याची पुडी आणतो. काहून? आपल्या हातांना येत नाही का? आपल्या आयांना जे येतं, ते मी चार वर्षं पुस्तकातून शिकले."

बायका हसायच्या, पण ऐकायच्या. मला तर ती फार आवडली. चाळीस वर्षांत माझ्यासाठी भाषण कुणी केलं नव्हतं.

कैऱ्या फोडायला तीन दिवस होते. सुखीबाई नातेवाइकाच्या बारशाला राजूरला गेली होती. जयानं मला खाली काढलं. काळा, तेलकट, धुराचा वास येणारा. तिनं नाक मुरडलं नाही, उलट प्रेमानं बघितलं. मग गरम पाणी घेतलं, साबण घेतला आणि ब्रशनं मला घासलं. चिरेत काडी घालून चाळीस वर्षांचं तेल काढलं.

खाटेवरून डोंगरसिंग म्हणाला, "धुऊन राह्यली काय वो?"

"हो बा. किती मळ आहे."

"तुही याडी नाही धूत त्याले."

"तिला कुणी सांगितलं नसेल."

डोंगरसिंगनं बिडी पेटवली. लेक शिकून आलेली. तो काय बोलणार.

तिनं मला पुसलं आणि धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. चिंचेचं लाकूड पाणी सहज पीत नाही, पण एकदा प्यालं की सहज सोडतही नाही. वैशाखाच्या उन्हात पिशवीच्या आत मला घाम सुटला. तिसऱ्या दिवशी माझ्या चिरेत पांढरी लव उगवली होती. मला कळत होतं. पण कैरीशिवाय मला आवाज नाही.

फोडायचा दिवस आला आणि राखी त्याच्या आदल्या दिवशीच बाजूला बसली होती. महिन्याचे ते चार दिवस बाईनं चुलीला, देवाला आणि लोणच्याला हात लावायचा नाही, अशी इथली रीत. विटाळानं बरणी नासते म्हणतात. त्यामुळे सरोता जयाच्या हाती आला. तिनं पिशवी सोडली. पातं चकाकत होतं. सुखीबाई तेव्हा परसात कैऱ्या पुसत होती.

राखी ओसरीच्या कोपऱ्यातून म्हणाली, "जयाबाई, उन्हात ठेवा ना त्याले घटकाभर. लाकूड काळं दिसून राह्यलं."

"पातं स्वच्छ आहे ना वहिनी. कैरी पात्यानं कापतात, लाकडानं नाही," जया म्हणाली.

कट्. पहिली फोड माझ्या चिरेला घासून पडली. मग दुसरी. दोनशे कैऱ्या. प्रत्येक फोडीला माझा आजार थोडा थोडा लागला. सुखीबाईनं मीठ टाकलं, हळद टाकली, फोडी कापडावर पसरून अंगणातल्या खाटेवर ठेवल्या आणि मायलेकी दोघी मोहरी भरडायला शेजारी गेल्या.

एवढ्यात एक बकरी आली. तिनं पुढचे पाय खाटेवर ठेवले आणि मिठाला जीभ लावणार, तेवढ्यात राखीनं बसल्या जागेवरून हटकलं. बकरी हलेना. राखीनं घरच्यांना दोनदा हाक मारली. घरात कुणी नव्हतं. शेवटी ती उठली, कापडाची चार टोकं धरली आणि फोडी उचलून दाराच्या आत नेऊन ठेवल्या. परत येऊन कोपऱ्यात बसली. समोरच्या घरातल्या हिरासिंगच्या बायकोनं दारातून ते बघितलं.

बरणी भरली, तेल ओतलं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला.

सतराव्या दिवशी सुखीबाईनं दादरा सोडला, आणि तशीच खाली बसली. वर सगळी पांढरी साय. आत हात घातला, तर फोडी लिबलिबीत. तिनं चाळीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

हिरासिंगची बायको डोकावली. "तुह्या सुनेनं फोडी उचलल्या होत्या त्या दिवशी. बाजूले होती ना ते?"

सुखीबाईनं वळून बघितलं. "राखी, हात लावला होता?"

"लावला होता. बकरी आलती."

"हाक काहून नाही मारली?"

"मारली. कोनी नव्हतं."

"मंग खाऊ द्याच्या होत्या बकरीले," सुखीबाई म्हणाली. "आपन दुसऱ्या फोडल्या असत्या. तुले नाव तर लागलं नसतं."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. बादल जेवत होता. तो हात धुऊन बाहेर निघून गेला.

संध्याकाळपर्यंत ते तांडाभर झालं. दुसऱ्या दिवशी हिरासिंगकडे पापड लाटायचे होते. राखी पोळपाट घेऊन निघाली, तर दारातच तिला सांगितलं, "राहू दे वो, मानसं पुष्कळ हाय." ती पोळपाट घेऊन परत आली. घरी सुखीबाईनं मला खुंटीवर जरा उंच टांगलं आणि म्हणाली, "याले तू हात नको लावू."

'नासक्या हाताची' हे नाव एकदा बाईला चिकटलं, की तिच्या म्हातारपणापर्यंत सुटत नाही. राखीचं वय बावीस.

जया मात्र उसळली. "याडी, विटाळानं लोणचं नासत नाही. ही अंधश्रद्धा आहे. कोणत्याच पुस्तकात असं नाही."

"मंग कायनं नासलं?"

"ओलाव्यानं."

"ओलावा कुठून आला? कैऱ्या म्या पुसल्या. मीठ म्या टाकलं. तेल म्या तापवलं. तू सांग."

 जया आत आली, मला काढून उलटा केला आणि केसातली पिन चिरेत घातली. काळा ओला भुसा निघाला, त्याला पांढरी लव चिकटलेली. तिनं तो नाकाशी नेला. मग बराच वेळ ती मला मांडीवर घेऊन बसली. 

मला वाटलं, आता उठेल आणि सांगेल. तिनं मला परत खुंटीला टांगलं.

दोन दिवस ती गप्प राहिली. म्हणजे त्या एका गोष्टीबद्दल गप्प. एरवी ती बोलतच होती. हातपंपावर, तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर, विटाळ कसा खोटा, बाईवर कसा अन्याय होतो, हे पूर्वीपेक्षा मोठ्यानं सांगत होती. बोलत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त एक वाक्य ती सोडून देत होती. राखी चुलीपाशी भाकरी थापत ते सगळं ऐकायची. त्या काळ्या लाकडाबद्दल तीही काही बोलली नाही. नणंदेचं नाव सून कसं घेणार?

तिसऱ्या दिवशी इंदूबाई आली. "सुखीबाई, सरोता दे वो. शेवटच्या झाडाच्या कैऱ्या उतरवल्या."

राखी खुंटीखालीच होती. सवयीनं तिचा हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. "जयाबाई, तुमी द्या," ती म्हणाली आणि हात पदरात घेतला.

जयानं मला काढलं, पण दिलं नाही.

"इंदूकाकी, हा नेऊ नका. तुमचंही नासेल." ती आईकडे वळली. "याडी, मी याला धुतलं होतं. साबणानं. मग पिशवीत बांधून ठेवलं. चिरेत बुरशी धरली होती. वहिनीनं सांगितलं होतं, उन्हात ठेवा म्हणून. मी ऐकलं नाही."

 खाटेवरून डोंगरसिंग म्हणाला, "म्याबी पाह्यलं होतं धुताना. म्हटलं, शिकलेली पोट्टी हाय, बरोबरच करत असन."

"तुले कधी कळलं हे?" इंदूबाईनं जयाला विचारलं.

"परवा."

"अन् आज सांगून राह्यली. दोन दिवस काय केलं?"

"लाज वाटत होती."

"तुले लाज वाटली दोन दिवस, अन् हे पोट्टी जन्मभर नासकी झाली असती," इंदूबाई म्हणाली. "धुतला शिकलेलीनं, अन् नाव दहावीवालीचं."

जया रडली नाही. ते तिला शोभलं.

सुखीबाई राखीला म्हणाली, "तुले माहीत होतं?"

"लाकूड काळं दिसलं होतं."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाही?"

राखीनं पहिल्यांदा सासूकडे सरळ बघितलं. "बोलली असती तर कोनी आयकलं असतं, याडी?"

 सुखीबाई उठली, बरणीतला नासका माल खड्ड्यात पुरला, बरणी राखेनं घासून उन्हात पालथी घातली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "सरोत्यानं नासलं असन. हातानंबी नासलं असन. मले कसं समजाव? बरनीलेच इचारा लागन."

आठ दिवस मी कौलांवर ऊन खात पडलो. डोंगरसिंगनं पटाशीनं माझी चीर कोरून आजारी लाकूड काढलं. मग जवसाचं तेल, मग धूर. इंदूबाईनं आणून दिलेल्या शेवटच्या कैऱ्या टोपलीत ओल्या फडक्याखाली वाट बघत होत्या. कोयी कडक होत चालल्या होत्या. जया रोज विचारायची, "याडी, आज फोडू या?" सुखीबाई म्हणायची, "थांब."

कशासाठी थांबली होती, ते नवव्या दिवशी कळलं. सकाळी राखी आपली चटई घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात गेली. सुखीबाईनं मला खुंटीवरून काढलं आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं.

"फोड."

"याडी, मी बाजूले बसली."

"माहीत हाय. म्हनूनच."

राखीचा हात पुढे येईना. सुखीबाई तिच्यासमोर खाली बसली. "साठी झाली माही. मायनं सांगतलं, सासूनं सांगतलं, ते धरून चालली. खरं का खोटं, कधी पाह्यलं नाही. आता पाह्यतो. कैऱ्या तू फोड, मीठ तू टाक, बरनी तू भर. माहं बोटबी नाही लागनार."

समोरच्या दारात हिरासिंगची बायको उभी होती. सुखीबाईनं तिलाही हाक मारली, "ये, इथं बसून पाह्य. दुरून अर्धंच दिसते."

राखीनं मूठ धरली. ती अर्धं दाबून थबकली, म्हणून पहिली कोय चेंगरली. दुसरी नीट फुटली. मी जितका स्वच्छ आवाज काढू शकतो, तितका काढला.

वीस दिवसांनी बरणी उघडली. त्या वीस दिवसांत राखीला कुठूनही बोलावणं आलं नाही. उघडताना चार-पाच बायका जमल्या होत्या. दादरा सुटला. वर तेल, सोनेरी आणि स्थिर. मोहरीचा वास अंगणभर गेला. सुखीबाईनं कोरड्या पळीनं एक फोड काढली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिली. राखी भिंतीला टेकून उभी होती.

"मोहरी बारीक झाली," सुखीबाई म्हणाली. "पुढच्या साली जाडी ठेवजो. अन् मीठ सव्वा मूठ घेत जाय. तुही मूठ लहान हाय."

"बरं, याडी," राखी म्हणाली आणि वाट्या आणायला आत गेली. तिला जरा वेळ लागला.

सुखीबाईनं माफी मागितली नाही. पण चाळीस वर्षांत पुढच्या सालचं लोणचं कसं करावं, हे तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. हिरासिंगच्या बायकोनं वाटी घेतली. खाल्लं की नाही, मला माहीत नाही. त्या चार दिवसांत पूजा असली, तर राखी अजून बाजूलाच बसते. एकदम सगळं बदललं असं सांगितलं, तर ते खोटं होईल. जया अजूनही हातपंपावर बायकांना शिकवते, पण तिचा पहिला धडा आता वेगळा आहे. "मी सरोता धुतला होता," असं म्हणून ती सुरुवात करते. बायका हसतात, ती हसू देते. आणि आई जिथं जिथं 'नाही लावत' म्हणते, तिथं ती वहीत लिहून घेते आणि कारण शोधत बसते.

मी आता पुन्हा चुलीजवळ असतो. कोरल्यामुळे चीर रुंद झाली आहे, फोड कधी कधी वाकडी पडते. पातं झिजून अर्ध्यावर आलं आहे. तरी यंदाच्या वैशाखात मी अकरा घरं फिरलो.

तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा. झाडाखाली कैऱ्या पडतात, त्या सडू देऊ नका. दोनच फोडा, पण घरी फोडा. आईला रीत विचारा, आणि कारणही विचारा. आणि कधी बरणी नासलीच, तर आधी मला उलटा करून चिरेत बघा. घरातल्या बाईच्या हातांकडे त्यानंतर बघा.